पहिलं अवजार स्वतःचं: मायक्रोकंट्रोलरची सुरुवात पंख्याच्या कंडेन्सरपासून

मायक्रोकंट्रोलर (एका चिपमध्ये मावणारा छोटा संगणक) शिकायचं मनावर घेतलं की बहुतेक जण आधी एक किट मागवतात. प्लास्टिकच्या पेटीत तीसेक सेन्सर येतात. पहिल्या रविवारी दिवा लुकलुकतो, दुसऱ्या रविवारी हात जवळ नेला की बझर वाजतो, तिसऱ्या रविवारी कुणाकडे तरी लग्न निघतं आणि पेटी माळ्यावर जाते. त्या किटमध्ये वाईट काही नसतं. अडचण एवढीच, की त्यातल्या कशावाचून घरात कुणाचं काही अडलेलं नसतं.

म्हणून माझं सांगणं असं, की पहिली वस्तू पुढची वस्तू बनवताना हाताशी लागेल अशी बनवा. म्हणजे अवजार. या लेखात तीन अवजारं आहेत: बॉलपेनातला तपासदिवा, कंडेन्सर (वीज साठवणारा भाग, म्हणजेच कपॅसिटर) मोजणारा मीटर आणि कोऱ्या चिपवर प्रोग्राम चढवणारा प्रोग्रामर. सगळ्यात जास्त वेळ मीटरवर घालवू. बाजारातला स्वस्त पिवळा मल्टिमीटर व्होल्ट, ओहम दाखवतो, पण कंडेन्सर मोजत नाही. आणि कंडेन्सर ठाण्यातल्या प्रत्येक घरात छताला लटकलेला असतोच, पंख्याच्या टोपीखाली.

कोणता बोर्ड

आर्डुइनो नॅनो हा मायक्रोकंट्रोलर बसवलेला छोटा बोर्ड घ्या, क्लोन चालेल. आर्डुइनोचा प्रकल्प २००५ साली इटलीतल्या इव्रियामध्ये विद्यार्थ्यांसाठी सुरू झाला आणि बोर्डाचे आराखडे खुले ठेवले गेले, त्यामुळे दुसऱ्या कुणी तसा बोर्ड बनवला तर त्यात चोरी नाही. नॅनोवर एटीमेगा ३२८पी ही चिप असते: ३२ केबी फ्लॅश, २ केबी रॅम, १६ मेगाहर्ट्झ. कुटुंबाच्या ग्रुपवर रोज येणारा 'शुभ सकाळ'चा एक फोटोसुद्धा यात मावणार नाही. तरी आपल्या मीटरला यातली थोडीशीच जागा लागते.

ईएसपी३२ का नको, असं कुणीतरी विचारेलच. त्यात वायफाय आहे, वेग जास्त आहे, किंमतही फार नाही. पण त्याच्या पिना ३.३ व्होल्टच्या, आणि व्होल्टेज मोजण्याचं त्याचं गणित सरळ रेषेत चालत नाही, त्यामुळे मोजमाप शिकायला तो बोर्ड त्रासदायक. रास्पबेरी पाय पिको २०२१ मध्ये आला, चांगला आहे, दुसरा बोर्ड म्हणून जरूर घ्या. एटीमेगाची खासियत अशी, की तीच चिप २८ पायांच्या जुन्या धाटणीत सुटी मिळते आणि ब्रेडबोर्डवर (टाके न मारता भाग जोडायची भोकांची पाटी) खोचता येते. शेवटच्या टप्प्यात आपल्याला तेच करायचंय. डिप्लोमाला ८०५१ ही जुनी चिप शिकलेल्यांना हे सगळं सोपं जाईल. रजिस्टर आणि पोर्ट म्हणजे काय ते त्यांना माहीत असतं, फक्त इथे असेंब्ली लिहावी लागत नाही.

सामान आणि ते कुठून आणायचं

नॅनो घेताना पिना आधीच सोल्डर केलेला मागा. पहिल्याच दिवशी तीस टाके मारायची हौस नको. सोबत एक ब्रेडबोर्ड, जंपर वायरी आणि ८३०डी जातीचा पिवळा मल्टिमीटर. 'डी' महत्त्वाचा, कारण त्यात जोड तपासताना वाजणारा बझर असतो. काही ८३०बी मीटरमध्ये तो नसतो आणि मग तपासताना मान सारखी वर करून आकडा बघावा लागतो. २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न, सोल्ड्रॉनचं घेतलं तरी वर्षानुवर्षं टिकतं. ६०/४० ची सोल्डर वायर, थोडा फ्लक्स, एक साइड कटर. रेझिस्टरमध्ये २२० ओहम, ३३० ओहम, १ किलो, १० किलो आणि १ मेगा (किलो म्हणजे हजार ओहम, मेगा म्हणजे दहा लाख). यातले १० किलो आणि १ मेगा मेटल फिल्म, एक टक्क्याचे घ्या. का ते पुढे कळेल. कंडेन्सरमध्ये १०४ लिहिलेले सिरॅमिक दहा, २२ पिकोफॅरडचे चार, १० मायक्रोफॅरडचे इलेक्ट्रोलिटिक दोन-तीन. १६ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल (चिपचं घड्याळ चालवणारा), २८ पायांचा आयसी बेस, झिरो पीसीबीचा (टाके मारायची भोकांची कोरी पाटी) तुकडा आणि एक सुटी एटीमेगा ३२८पी. भाव हलते असतात, पण सुटी चिप आणि पुढे लागणारा डिस्प्ले सोडून बाकीचं साधारण दीड हजारात बसायला हरकत नाही.

ऑनलाइन मागवलं तर घरी येतं. पण एकदा तरी लॅमिंग्टन रोडला जा. ठाण्याहून दादरला उतरायचं, पश्चिम रेल्वेची स्लो गाडी पकडून ग्रँट रोड, आणि पूर्वेला बाहेर पडून चालत. वाशी-नेरूळकडच्यांनी हार्बरने कुर्ल्याला येऊन दादरमार्गे जावं, किंवा थेट सीएसएमटीला उतरून तिथून बस-टॅक्सी करावी. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात आणि सकाळी लवकर पोहोचून उपयोग नाही.

काउंटरवर गर्दी असते, त्यामुळे यादी कागदावर हवी, आणि ती दुकानदाराच्या भाषेत. 'दहा के, क्वार्टर वॅट, एमएफआर, दहा नग' असं लिहिलेलं असलं की माल पटकन येतो (के म्हणजे किलो, एमएफआर म्हणजे मेटल फिल्म). 'मला एक प्रोजेक्ट करायचाय' अशी सुरुवात केली की तुम्हाला किट दाखवलं जातं. चिप घेताना नावातला शेवटचा 'पी' वाचून घ्या. पी नसलेली ३२८ ही चिप जवळजवळ तशीच असते, पण तिची ओळखखूण वेगळी असल्याने प्रोग्राम चढवताना सॉफ्टवेअर 'ही ती चिप नव्हे' म्हणून अडून बसतं.

बोर्ड संगणकाला दिसत नाही तेव्हा

आर्डुइनो आयडीई, म्हणजे प्रोग्राम लिहून बोर्डावर चढवायचं सॉफ्टवेअर, फुकट आहे. उतरवा, बसवा, नॅनो जोडा, उदाहरणांमधला 'ब्लिंक' (दिवा लुकलुकवणारा प्रोग्राम) चढवा. हे जमलं तर हा भाग सोडून पुढे जा. नवख्यांपैकी निम्मे इथेच अडकतात, असा माझा अंदाज आहे. कारणं ठरलेली असतात.

केबल आधी बदलून बघा. घरात पडलेल्या बऱ्याच यूएसबी केबल फक्त चार्जिंगच्या असतात, त्यांच्यात डेटाच्या तारा नसतातच. मग ड्रायव्हर: क्लोनवर यूएसबीसाठी बहुधा सीएच३४० चिप असते, विंडोजवर तिचा ड्रायव्हर वेगळा टाकावा लागू शकतो. लिनक्समध्ये तो असतोच, पण तुमचं खातं 'डायलआउट' गटात नसेल तर पोर्ट उघडत नाही. उबुंटू २२.०४ वर अंधांसाठीची ब्रेल डिस्प्ले सेवा हे पोर्ट स्वतःचं समजून बळकावते. तुम्हाला ती लागत नसेल तर काढून टाका.

पोर्ट दिसतंय, तरी चढवताना 'सिंक होत नाही' अशी तक्रार येते? टूल्स मेनूत प्रोसेसरच्या यादीतून 'ओल्ड बूटलोडर' निवडा. बूटलोडर म्हणजे यूएसबीवरून तुमचा प्रोग्राम आत घेणारा, चिपमध्ये आधीच असलेला छोटा प्रोग्राम. २०१८ पासून नॅनोच्या बूटलोडरचा वेग बदलला, पण बरेच क्लोनवाले अजूनही जुनाच टाकतात.

आणखी एक सवय पहिल्या दिवसापासून लावा. ब्रेडबोर्डवर जोडणी झाली की यूएसबी लावण्याआधी मल्टिमीटर बझरवर ठेवून ५ व्होल्ट आणि ग्राउंड यांच्यात वाजतंय का ते पाहा. वाजलं तर शॉर्ट आहे. क्लोन बोर्डावर फ्यूज असेलच असं नाही, आणि तार तुमच्या लॅपटॉपला जोडलेली असते.

पेनातला दिवा

सोल्डरिंगचा हात बसावा म्हणून हे आधी करा. संपलेल्या बॉलपेनाची रिफिल काढा. लाल एलईडीच्या लांब पायाला १ किलोचा रेझिस्टर सोल्डर करा, रेझिस्टरच्या दुसऱ्या टोकाला जाड सुई किंवा तांब्याच्या तारेचा ताठ तुकडा. एलईडीच्या छोट्या पायाला फूटभर काळी वायर, तिच्या टोकाला मगरचिमटा. सगळं पेनात सरकवा, सुई निबच्या जागी बाहेर येऊ द्या. चिमटा ग्राउंडला लावून सुई एखाद्या पिनेला टेकवली की पिन 'हाय' (५ व्होल्टवर) असेल तर दिवा लागतो, 'लो' (शून्यावर) असेल तर लागत नाही. दिवा जेमतेम ३ मिलिअँप ओढतो, त्यामुळे पिनेला त्रास नाही. प्रोग्राम चालत नाही असं वाटलं की आधी हा दिवा टेकवा. बहुतेक वेळा प्रोग्राम ठीक असतो आणि वायर एक भोक सोडून खोचलेली असते. फक्त हा दिवा ५ व्होल्टच्या कामापुरता आहे, भिंतीतल्या सॉकेटजवळ न्यायचा नाही.

टाका मारताना सोल्डर वायर आयर्नच्या टोकावर वितळवून मग ती जोडावर थापू नका. आधी दोन्ही धातू टोकाने दोन-तीन सेकंद तापवा, वायर त्या तापलेल्या जोडाला लावा, ती आपोआप पसरते. टाका चमकदार आणि पायाला चढत गेलेला दिसला की झालं. मळकट गोळा दिसला तर पुन्हा तापवा. खिडकी उघडी ठेवा, धूर फ्लक्सचा असतो आणि घशाला लागतो. ६०/४० मधले चाळीस टक्के शिसं असतं, तेव्हा हात साबणाने धुतल्याशिवाय चहा-बिस्कीट नको.

मीटर: आधी तत्त्व

कंडेन्सर रेझिस्टरमधून भरायला लागला की त्याचं व्होल्टेज आधी भरभर, मग हळूहळू चढतं. पुरवठ्याच्या ६३.२ टक्क्यांपर्यंत पोहोचायला जो वेळ लागतो तो म्हणजे रेझिस्टन्स गुणिले कपॅसिटन्स. रेझिस्टर आपल्याला माहीत आहे, वेळ नॅनो मोजतो, राहिलं ते उत्तर.

नॅनोची ॲनालॉग पिन शून्य ते ५ व्होल्टची ० ते १०२३ अशी पायरी लावते. १०२४ चे ६३.२ टक्के म्हणजे ६४७. म्हणजे वाचन ६४७ झालं की घड्याळ थांबवायचं. यात एक फार सोयीची गोष्ट लपली आहे. कंडेन्सर ज्या ५ व्होल्टवर भरतोय, त्याच ५ व्होल्टशी तुलना करून नॅनो मोजतोय. त्यामुळे चार्जर ४.७ व्होल्ट देवो की ५.१, उत्तर बदलत नाही. अचूकता पूर्णपणे रेझिस्टरवर येऊन बसते, आणि म्हणून तो एक टक्क्याचा.

आकडेमोडही गोड आहे. वेळ मायक्रोसेकंदात घ्या, रेझिस्टर ओहममध्ये, भागाकार केला की थेट मायक्रोफॅरड. १० किलोमधून भरायला २५,००० मायक्रोसेकंद लागले तर २५,००० भागिले १०,०००, म्हणजे २.५ मायक्रोफॅरड. पंख्याच्या कंडेन्सरवर हाच आकडा छापलेला असतो.

जोडणी आणि प्रोग्राम

डी-८ पिनेपासून १० किलोचा रेझिस्टर ब्रेडबोर्डच्या एका ओळीत आणा. त्याच ओळीत डी-९ पासून ३३० ओहमचा रेझिस्टर, ए-० पर्यंत सरळ वायर, आणि मोजायच्या कंडेन्सरचा एक पाय. कंडेन्सरचा दुसरा पाय ग्राउंडला. इलेक्ट्रोलिटिक असेल तर पट्टीवर उणे खूण असलेला पाय ग्राउंडकडे, उलट लावायचा नाही. डी-८ भरणारी पिन, डी-९ रिकामी करणारी, ए-० बघणारी.

प्रोग्राम आधी वहीत मराठीत लिहा. ओळी इंग्रजीत टाइप करण्याआधी काय घडायला हवं ते स्वतःला सांगता येत नसेल, तर चुकतंय कुठे तेही सांगता येणार नाही. आपल्या मीटरचा प्रोग्राम असा:

१. डी-८ आउटपुट, लो. डी-९ आउटपुट, लो. म्हणजे कंडेन्सर रिकामा होतोय.
२. ए-० चं वाचन शून्य होईपर्यंत थांब.
३. डी-९ ला इनपुट कर, म्हणजे ती वाट बंद.
४. 'मायक्रोस' विचारून वेळ टिपून ठेव आणि लगेच डी-८ हाय कर.
५. ए-० चं वाचन ६४७ पेक्षा कमी असेपर्यंत वाचत राहा.
६. पुन्हा वेळ विचार, वजाबाकी कर, रेझिस्टरने भाग, सिरियल मॉनिटरवर (बोर्डाने पाठवलेला मजकूर दाखवणारी आयडीईतली खिडकी) छाप.
७. अर्धा सेकंद थांबून पहिल्यापासून.

प्रत्येक ओळीला एक किंवा दोन आज्ञा पुरतात, पिनमोड, डिजिटलराइट, ॲनालॉगरीड, मायक्रोस एवढ्याच. तिसरी पायरी विसरलात तर कंडेन्सर एका बाजूने भरतोय आणि दुसऱ्या बाजूने गळतोय, वाचन ६४७ ला कधी पोहोचणारच नाही आणि प्रोग्राम पाचव्या पायरीवर कायमचा उभा राहील. आतून शॉर्ट झालेला कंडेन्सर लावला तरी हेच होतं. म्हणून पाचव्या पायरीत एक अट घाला: वीस सेकंद झाले तर 'शॉर्ट' असं छापून बाहेर ये.

वेळ साठवायला साधा 'इंट' (पूर्णांक ठेवायचा छोटा प्रकार) वापरू नका. या चिपवर त्याची मर्यादा ३२,७६७ आहे. २.५ चा कंडेन्सर मोजाल तर २५,००० त्यात मावतात, उत्तर बरोबर येतं, तुम्ही खूश. मग कूलरचा ४ मायक्रोफॅरडचा लावाल, ४०,००० मायक्रोसेकंद होतील आणि मीटर उणे अडीच दाखवेल. 'अनसाइन्ड लाँग' हा मोठा प्रकार वापरा. आणि भागाकार पूर्णांकात होऊ देऊ नका, रेझिस्टरची किंमत दशांशासह लिहा, नाहीतर २.५ चं सरळ २ होतं.

शेवटची सुधारणा: तो १० किलोचा रेझिस्टर मल्टिमीटरवर मोजा आणि ९,९६० आला तर प्रोग्राममध्ये ९,९६० च लिहा.

सिरियल मॉनिटरवर चौकोन आणि प्रश्नचिन्हं दिसली तर प्रोग्राममधला बॉड रेट (मजकूर पाठवण्याचा वेग) आणि खिडकीतला बॉड रेट वेगवेगळे आहेत, एवढंच.

आता पंख्याचा कंडेन्सर

इथे जरा थांबून वाचा. पंख्याचा कंडेन्सर २३० व्होल्टवर काम करतो, म्हणजे शिखराला सव्वातीनशेच्या घरात, आणि वीज बंद केल्यावरही त्यात भार उरू शकतो. तसा भरलेला कंडेन्सर नॅनोला लावला तर चिप जागीच गेली, आणि बोटांना लागला तर तुम्ही स्टुलावरून. सगळ्यात सोपं म्हणजे इलेक्ट्रिशियन कंडेन्सर बदलायला येईल तेव्हा त्याने काढलेला जुना मागून घ्या. तो फेकणारच असतो. स्वतः काढायचा असेल तर फक्त बटण बंद करून भागत नाही, एमसीबी खाली पाडा. आणि ज्यांना वायरिंगची सवय नाही त्यांनी हे करूच नये.

कंडेन्सर हातात आला की त्याच्या दोन वायरींना १० किलोचा, २ वॅटचा रेझिस्टर काही सेकंद लावून धरा. उघड्या तारांना हात न लावता, इन्सुलेशन असलेल्या चिमट्यांनी. मग मल्टिमीटर डीसीच्या सगळ्यात वरच्या रेंजवर ठेवून शून्य दाखवतोय का पाहा. दाखवल्याशिवाय मीटरला लावायचा नाही. आपल्याला त्यावर ५ व्होल्टपेक्षा जास्त काही नकोच आहे.

हा कंडेन्सर पॉलिप्रॉपिलिनच्या पातळ पट्टीवर धातूचा मुलामा देऊन बनवतात. आत कुठे ठिणगी पडली की त्या जागचा मुलामा जळून जातो आणि बिघाड तिथेच संपतो. म्हणून तो एकदम मरत नाही, प्रत्येक ठिणगीला थोडं थोडं क्षेत्रफळ गमावत जातो. २.५ लिहिलेला कंडेन्सर १.७ दाखवायला लागतो आणि घरातले म्हणतात, पंखा हल्ली पाचवरही हवा देत नाही. अंगावर छापलेली सहनसीमा साधारण पाच टक्के वर-खाली असते. त्याच्या बरंच खाली वाचन गेलं की नवा आणायचा, तेवढ्याच मायक्रोफॅरडचा. जास्तीचा लावून पंखा पळवायचा प्रयोग करू नका, मोटार तापते.

छोटे कंडेन्सर आणि पावसाळा

१०४ लिहिलेला सिरॅमिक लावून बघा. १०४ म्हणजे १० पुढे चार शून्यं, पिकोफॅरडमध्ये, म्हणजे ०.१ मायक्रोफॅरड. १० किलोमधून तो एका मिलिसेकंदात भरतो, आणि नॅनोला एक वाचन घ्यायला ०.१ मिलिसेकंदाहून थोडा जास्त वेळ लागतो. म्हणजे आपल्या पट्टीवर जेमतेम नऊ-दहा रेघा. उत्तर उड्या मारणारच. अशांसाठी १० किलोच्या जागी १ मेगा लावा आणि प्रोग्राममधला आकडा बदला. आता तोच कंडेन्सर १०० मिलिसेकंद घेतो आणि आकडा स्थिर होतो. १ नॅनोफॅरडच्या खाली मात्र या मीटरवर विश्वास ठेवू नका.

१ मेगा लावला की जुलै-ऑगस्टमध्ये एक गंमत दिसते. कोरड्या दिवशी नीट चालणारा मीटर पावसाच्या दिवशी तोच कंडेन्सर वेगळा दाखवतो. घोडबंदर असो की खाडीकाठचं ऐरोली, हवेत ओल भरलेली असते. बोर्डावर राहिलेला फ्लक्स आणि बोटांचे डाग ती ओल शोषतात, आणि तिथून इतका बारीक प्रवाह गळतो की १० किलोला तो जाणवतही नाही, पण मेगाला जाणवतो. आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश घेऊन बोर्ड घासा. पावसाळ्यात ब्रेडबोर्ड आणि सुटे भाग घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. नव्या बूट-बॅगांमधून निघणाऱ्या पुड्या याच कामाच्या.

झिरो पीसीबीवर उतरवणं

ब्रेडबोर्डवरचा मीटर हे अवजार नव्हे, धक्का लागला की खेळ खलास. सोळा बाय दोनचा एलसीडी घ्या, पाठीमागे आयटूसी बोर्ड (दोनच तारांवरून माहिती घेणारा) चिकटवलेला. त्यामुळे चारच वायरी लागतात: ५ व्होल्ट, ग्राउंड, एसडीए ए-४ ला आणि एससीएल ए-५ ला. डिस्प्ले उजळला पण अक्षरं नाहीत, अशी तक्रार हमखास येते. मागचा निळा स्क्रू फिरवा, तो काँट्रास्टचा असतो. तरीही काही नाही तर पत्ता तपासा: या बोर्डांचा पत्ता बहुधा हेक्साडेसिमलमधला २७ असतो, काहींचा ३एफ.

पीसीबीवर टाके मारताना रेझिस्टरपासून सुरुवात करा, मग बेस, मग उंच वस्तू. १० किलो आणि १ मेगा यांच्यात निवडायला एक छोटा टॉगल स्विच टाका, आणि त्याची स्थिती कळावी म्हणून स्विचचा दुसरा पोल एखाद्या डिजिटल पिनेला जोडा, म्हणजे भागाकार प्रोग्राम स्वतः बदलेल. कंडेन्सर धरायला दोन छोटे मगरचिमटे. डबा म्हणून ठाण्याच्या जांभळी नाक्यावर मिळणारा प्लास्टिकचा कोणताही चपटा डबा चालतो. भोकं पाडायला ड्रिल नसेल तर सोल्डरिंग आयर्नने पाडायचा मोह होईल. टोक खराब होतं आणि वास दिवसभर जात नाही.

चिप बोर्डातून सोडवणं

अख्खा नॅनो मीटरच्या डब्यात कायमचा कोंडला तर पुढच्या कामाला काय वापरणार? तेव्हा सुटी ३२८पी काढा. आता नॅनो स्वतःच प्रोग्रामर होणार.

आयडीईच्या उदाहरणांत 'आर्डुइनो आयएसपी' नावाचा तयार प्रोग्राम आहे. तो नॅनोवर चढवा. चढल्यानंतर, आधी नाही, नॅनोच्या रिसेट आणि ग्राउंडमध्ये १० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर लावा, लांब पाय रिसेटकडे. संगणक बोलायला लागला की नॅनो स्वतःला रिसेट करतो आणि प्रोग्राम स्वतःवरच घ्यायला बघतो, ते या कंडेन्सरने थांबतं.

सुटी चिप ब्रेडबोर्डच्या मधल्या खाचेवर बसवा, अर्धगोल खूण डावीकडे. मग खालचा डावा पाय एक नंबर, तिथून उजवीकडे मोजत जा आणि वळून वरून परत या. पाय ७ आणि २० ला ५ व्होल्ट, ८ आणि २२ ग्राउंडला. क्रिस्टल ९ आणि १० मध्ये, दोन्हींपासून ग्राउंडला २२ पिकोफॅरड. पाय १ म्हणजे रिसेट, त्याला १० किलोने ५ व्होल्टला बांधा आणि नॅनोच्या डी-१० ला जोडा. डी-११ पाय १७ ला, डी-१२ पाय १८ ला, डी-१३ पाय १९ ला. पाय ७ आणि ८ च्या अगदी जवळ एक १०४ लावा. तो नसेल तरी चिप चालते, पण केव्हा चालते आणि केव्हा नाही याचा नेम राहत नाही.

टूल्समध्ये बोर्ड 'ऊनो', प्रोग्रामर 'आर्डुइनो ॲज आयएसपी' निवडा आणि 'बर्न बूटलोडर' दाबा. बूटलोडर आपल्याला नकोच आहे, पण याच क्रियेत चिपचे फ्यूज (जळणारे नव्हेत, चिपच्या आतल्या सेटिंगचे बिट) बसतात. कोरी चिप कारखान्यातून आतल्या घड्याळाने १ मेगाहर्ट्झवर चालते. फ्यूज न बसवता ब्लिंक चढवलात तर एका सेकंदाचा दिवा सोळा सेकंद लागून राहील. आणि आपल्या मीटरला तर वेळेवरच जगायचंय. त्यानंतर स्केच मेनूतून 'अपलोड युझिंग प्रोग्रामर' निवडून मीटरचा प्रोग्राम चढवा.

फ्यूजशी हाताने खेळू नका. एक बिट असा आहे की रिसेटचा पाय साधी पिन होऊन जातो, आणि मग या पद्धतीने चिप परत कधी उघडत नाही. १२ व्होल्ट देणारा वेगळा प्रोग्रामर लागतो. फ्यूज बसवल्यावर चिप अचानक ओळख देईनाशी झाली तर घाबरण्याआधी क्रिस्टल नीट बसलाय का पाहा. घड्याळ नसेल तर ती बोलणार कशी?

मीटरच्या पीसीबीवर नॅनोच्या जागी आता आयसी बेस येईल: डी-८ म्हणजे पाय १४, डी-९ म्हणजे १५, ए-० म्हणजे २३, डिस्प्लेसाठी २७ आणि २८. चिप बेसमध्ये खोचा, सोल्डर करू नका. पुरवठ्याला जुना मोबाइल चार्जर पुरतो, १०४ आणि क्रिस्टल इथेही हवेतच.

पुढचं अवजार निवडायला फार शोधावं लागणार नाही. जर्मनीतल्या मार्कुस फ्रेयेक यांनी सुरू केलेला आणि कार्ल-हाइन्झ क्युबेलर यांनी वाढवलेला ट्रान्झिस्टर टेस्टर याच चिपवर चालतो. त्यात मोजायच्या तीन टोकांना प्रत्येकी एक ६८० ओहम आणि एक ४७० किलो ओहमचा रेझिस्टर असतो, आणि कोणताही तीन पायांचा भाग खोचला की तो काय आहे, कोणता पाय कोणता, हे डिस्प्लेवर येतं. आराखडा आणि प्रोग्राम दोन्ही खुले आहेत. लॅमिंग्टन रोडच्या पुढच्या यादीत ते सहा रेझिस्टर, आणखी एक ३२८पी आणि आणखी एक बेस लिहून ठेवा. या टेस्टरमध्येही भरलेला कंडेन्सर लावायचा नाही, त्याला त्या २ वॅटच्या रेझिस्टरचा हात आधी लागलाच पाहिजे.